अनीसाचं मशीन आणि माझी स्वच्छता

माझ्या हाताखालून गेलेली मुलं आता कुठेही भेटली की आदराने वाकतात आणि मी काही विचारायच्या आत काढता पाय घेतात. चौतीस वर्षं शिकवल्याचं हे फळ आहे, आणि मी ते समजून घेतलं आहे. अनीसा मात्र थांबते. तिला थांबावंच लागतं, कारण रोह्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं दुकान नेमकं माझ्या घराखाली आहे.

दुकान फ्लेक्सचं. वाढदिवस, उरूस, क्रिकेटच्या स्पर्धा, 'भावपूर्ण श्रद्धांजली', सगळं तिथे छापून मिळतं. आत एक दहा फुटी मशीन आहे. त्याच्यावर एक डबा डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे अखंड धावत असतो, आणि त्याच्या पोटातून रंग पडत पडत खालच्या कापडावर कोणाचा तरी हसरा चेहरा उमटतो. आधी केस, मग कपाळ, मग गॉगल. मी कित्येकदा उभी राहून बघितलं आहे. गॉगलपर्यंत आलं की माणूस ओळखू येतो आणि मी म्हणते, हा माझ्या वर्गात होता, याला पाढे येत नव्हते. अनीसा म्हणते, "बाई, हळू बोला. तो बाहेर उभा हाय."

अनीसाचे वडील खालिद पेंटर. रोह्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एके काळी त्यांच्या हातच्या होत्या. ती पाचवीत माझ्याकडे होती तेव्हा फळ्यावरचा सुविचार तिनेच लिहायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. अक्षर तसंच होतं. शाळा सुटली की ती वडिलांचे ब्रश धुऊन रॉकेलच्या डब्यात उभे करायची. पुढे फ्लेक्स आला आणि पाट्या रंगवणं बंद पडलं. खालिदभाई वर्षभर ओसरीवर बसून राहिले. तोवर अनीसाचं लग्न झालं होतं, मुलगी माहिरा शाळेत जात होती, आणि नवरा नासिर कुवेतला क्रेन चालवत होता. दोन वर्षांतून चाळीस दिवस घरी. अनीसाने कॉम्प्युटरचा क्लास लावला, पनवेलहून हे जुनं मशीन उचलून आणलं आणि वडिलांना ओसरीवरून उठवून दुकानात खुर्चीवर बसवलं. ते शेवटपर्यंत तिथे बसले. अक्षरांमधली जागा चुकली की काठीने जमीन ठोकायचे.

तिचा धाकटा भाऊ अर्शद तेव्हाही म्हणाला होता की हे बाईमाणसाचं काम नाही, आणि अजूनही म्हणतो. तो मस्कतला सहा वर्षं राहून आला आहे आणि तेव्हापासून त्याला सगळ्या धंद्यांतलं कळतं. वाईट नाही तो. बहिणीच्या काळजीने बोलतो, फक्त काळजी करताना आवाज चढवतो.

आता मशीनबद्दल थोडं सांगायला हवं. मला कळलं आहे तेवढंच सांगते, आणि ते मला किती उशिरा कळलं हे पुढे येईलच. त्या धावत्या डब्याच्या पोटात चार हेडं असतात. निळा, गुलाबी, पिवळा, काळा, प्रत्येक रंगाचं एक. हेड म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी चीज, पण तिच्या तळाला डोळ्यांना न दिसणारी शेकडो भोकं, आणि त्या भोकांतून रंग उडतो. मशीन चालू आहे तोवर ठीक. थांबलं की भोकांच्या तोंडाशी रंग सुकायला लागतो. एकदा सुकून बसला की हेड गेलं. म्हणून अनीसा रोज दुकान बंद करताना हेडांखाली एक स्पंज लावायची. स्पंज एका उग्र वासाच्या पातळ द्रवात भिजवलेला असायचा; दुकानात त्याला नुसतं 'सोल्युशन' म्हणतात. वरून चपात्या गुंडाळायचा तो पातळ चिकट प्लास्टिकचा कागद घट्ट लपेटायचा, म्हणजे आत वारा शिरत नाही. हे ती आजारी असतानाही करायची. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी मला वर आणून देताना तिच्या बोटांना अत्तर आणि सोल्युशन असा मिळून वास यायचा.

यंदा एप्रिलमध्ये माहिराचं बाळंतपण आलं. ती कतारला, दोह्याला असते. आईने बावीस दिवस तरी यावं असा तिचा हट्ट. अर्शदने हीच वेळ साधली. त्याच्या ओळखीचा माणूस मशीन घ्यायला तयार होता. बावीस दिवस मशीन बंद राहिलं तर हेडं मरणार, मग भंगाराच्याच भावाने जाईल, त्यापेक्षा आत्ताच दे, असं त्याचं म्हणणं. ते मला चुकीचं वाटत नव्हतं, पण मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्यासमोरच दोघांचं ठरलं.

"आपा, आल्यावर चालू नाय झालं तर?"

"तर वीक," अनीसा म्हणाली. "मी एक शब्द बोलणार नाय."

मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली की किल्ली बाईंकडे राहील. अर्शदने माझ्याकडे असं पाहिलं की मला जोर चढला. मी म्हटलं, काही काळजी करू नकोस. हे वाक्य मी पालकांना हजारो वेळा म्हटलं आहे आणि त्यांची मुलं नापास झालेली आहेत.

जायच्या आदल्या दिवशी तिने नळ्यांमधला सगळा रंग काढला, त्यात सोल्युशन भरलं, हेडं धुतली, नवा स्पंज भिजवून लावला आणि प्लास्टिकचे चार वेढे दिले. बाजूला एक बारीक फट ठेवली. दर तिसऱ्या दिवशी त्या फटीतून सिरिंजने थोडं सोल्युशन आत सोडायचं, एवढंच माझं काम. प्लास्टिक सोडायचं नाही. तिने ते दोनदा सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं. तो कागद मी वाचला. अक्षर अजून तसंच होतं. त्याच कौतुकात मी राहिले, असं आता वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून मी खाली गेले. शटर वर केलं, दिवा लावला, वाकून बघितलं, आणि मला धक्काच बसला. प्लास्टिकच्या आत सगळा बरबटलेला कारभार. स्पंजावर काळे-निळे ओघळ, एका कोपऱ्यात गुलाबी डबकं. मला वाटलं, पोरगी घाईत गेली, धुवायचं राहिलं.

इथे माझ्या आयुष्याबद्दल एक गोष्ट सांगते. माझ्या नोकरीची सुरुवात पेणला झाली, तेव्हा मुलं शाईचं पेन वापरायची. मे महिन्याची सुट्टी लागायच्या दिवशी मी सगळ्या वर्गाची पेनं नळावर धुऊन घ्यायची. नीब वेगळी, जीभ वेगळी, टाकी वेगळी. मग खिडकीत वर्तमानपत्रावर सगळं उन्हात वाळवायचं आणि कोरडं करूनच दप्तरात ठेवायचं. जूनमध्ये माझ्या वर्गाची पेनं पहिल्या ओळीपासून चालायची, शेजारच्या वर्गातली अडायची. हा माझा लौकिक होता. मुख्याध्यापकांनी इतर शिक्षकांना तो सांगितला होता. माणसाला आयुष्यात एका गोष्टीबद्दल शाबासकी मिळते आणि मग ती गोष्ट तो नको तिथे करत सुटतो.

मी प्लास्टिक सोडलं. चारही वेढे. स्पंज काढून वर नेला, धुण्याच्या पावडरीत खळबळला, तीन पाण्यांतून काढला आणि गच्चीत दोरीवर चिमटा लावून वाळत घातला. रंग काही पूर्ण गेला नाही, पण स्पंज दिसायला सभ्य झाला. हेडांचे तळ मी पांढऱ्या सुती फडक्याने टिपून घेतले. फडकं माझ्या जुन्या पातळाचं, मऊ. मग कोरडा स्पंज परत बसवला, त्यावर दुसरं स्वच्छ फडकं पांघरलं आणि जरा हवा लागू दे म्हणून प्लास्टिक घडी करून बाजूला ठेवलं. सोल्युशनचा वास डोक्यात जात होता, तर बाटलीचं झाकण घट्ट लावून टाकलं. बाहेर येऊन शटर ओढताना मला इतकं समाधान वाटलं की मी समोरच्या दुकानातून अर्धा डझन केळी घेतली.

त्यानंतर मी रोज जाऊन बघायची. फडक्यावर काल थोडा डाग, आज त्याहून थोडा कमी. डाग यायचा थांबला तेव्हा मी स्वतःला म्हटलं, बघ, आता कसं स्वच्छ झालं. दोह्याहून अनीसाचे निरोप यायचे. नात झाली. नातीचा फोटो आला. बाई, सगळं ठीक ना? मी कळवायची, अगदी ठीक, तू गेलीस तेव्हापेक्षा चांगलं.

बाराव्या दिवशी पेणजवळच्या जोह्याहून अनिता आली. तिचा गणपतीचा कारखाना आहे, म्हणजे तिच्या सासरचा, पण आता तीच बघते. मूर्तीचे डोळे आखायचं काम पेणच्या पंचक्रोशीत तिच्या हाताचं मागून घेतात. तीही माझीच विद्यार्थिनी, पेणच्या काळातली. माझ्या तासाला ती वहीच्या मागच्या पानावर डोळे काढत बसायची, आणि मी तिला त्यासाठी उभं करायची. मूर्तींच्या खोक्यांवर लावायचे स्टिकर अनीसाने जायच्या आधी छापून ठेवले होते, ते न्यायला ती पेणला बस बदलून आली होती. मी तिला घेऊन दुकानात गेले. स्टिकर दिले, आणि आपली स्वच्छताही दाखवावी म्हणून फडकं उचललं.

अनिता वाकली. बोटाने स्पंज दाबला. मग बोट नाकाशी नेऊन हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. शाळेत मी तिच्याकडे ज्या नजरेने बघायची ती नजर मला ओळखता आली.

"बाई, ह्ये सुकवलंत कशाला?"

मी तिला पेनांचं सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं, पण तोपर्यंत तिचे हात फडकं बाजूला करत होते. तिने सांगितलं ते असं. शाडूची मूर्ती अर्धी झाली आणि मध्येच कोणाच्या लग्नाला जायचं झालं, तर कारखान्यात तिच्यावर ओलं फडकं घालतात आणि वरून प्लास्टिक लपेटून गळ्याशी दोरा बांधतात. दोन दिवस, चार दिवस, कितीही. फडक्याला माती लागते, ओघळ येतात, येऊ देतात. नवी सून घरात आली की पहिल्यांदा तिला हेच सांगतात, की उघडून बघायचं नाही. बघितलंस की वारा लागला, वारा लागला की कान तडकला.

"आमच्या सासूबाय तर बोलतात, गणपती झोपलाय, पांघरून ओढू नको गो," अनिता म्हणाली. "आन तुमी तर त्याला उठवून आंगोल घातलीत."

मी खालिदभाईंच्या खुर्चीवर बसले. अर्शदशी झालेलं बोलणं मला शब्दशः आठवत होतं. वीक, मी एक शब्द बोलणार नाय. मी अनिताला विचारलं की आपण गुपचूप परत ओलं करून ठेवलं तर? ती म्हणाली की माती असती तर तिने काही केलं असतं, पण ह्या मशीनबाईचं तिला काय ठाऊक. अनीसाला सांगा. मी म्हटलं, संध्याकाळी नीट विचार करून सांगते. मुलं मला हेच म्हणायची, बाई, उद्या नक्की आणतो वही. अनिताने माझ्या हातातून फोन घेतला, लावला आणि परत दिला.

मी प्रस्तावना करायला सुरुवात केली. बाळ कसं आहे, तुझी तब्येत कशी आहे, तिकडे ऊन फार असेल. मागे बाळ रडत होतं. अनीसा म्हणाली, "बाई, काय झालं ते बोला."

मी बोलले. पावडरीसकट बोलले.

"पाणी लावलंत?" तिने विचारलं.

"स्पंजाला. हेडं नुसती पुसली."

"तो स्पंज फेका. वरच्या फळीवर नवीन हाय."

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. पण तिच्या आवाजात चिडायला वेळच नव्हता. तिने फोनचा कॅमेरा सुरू करायला लावला आणि अनिताला कामाला लावलं, मला नाही. मी फोन धरून उभी होते, तोही वाकडा धरते म्हणून दोनदा ऐकून घेतलं. नवा स्पंज सोल्युशनात पुरता बुडवून लावला. सिरिंजने प्रत्येक हेडाच्या वरच्या नळीतून अगदी हळू, थेंबाथेंबाने सोल्युशन सोडलं. निळं मोकळं झालं, काळं झालं, पिवळंही झालं. गुलाबीतून काही येईना. अनिता जोर लावायला गेली तेव्हा अनीसाने तिला थांबवलं. जोर केला तर आतून फाटेल, नुसतं भिजत ठेव, असं तिने सांगितलं. मग प्लास्टिक. अनिताने ते इतक्या सफाईने लपेटलं की दोह्याहून अनीसा म्हणाली, "तुमचा हात चांगला हाय." माझ्या हाताबद्दल ती काही म्हणाली नाही.

शेवटी तिने मला हाक मारली. "बाई, आता मी येईपर्यंत उघडायचं नाय. दर तिसऱ्या दिवशी फटीतून सोडायचं. बघायचंसुद्धा नाय."

उरलेले दहा दिवस हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत कठीण काम होतं. मी चौतीस वर्षं उघडून बघण्याचाच पगार घेतला आहे. वह्या उघडून बघितल्या, दप्तरं उघडून बघितली, एकदा तर एका पोराचा जेवणाचा डबा उघडला आणि आत बेडूक निघाला. आता समोर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि त्यात गुलाबी रंग सुटतो आहे की नाही हे बघायला मला मनाई होती. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या दिवशी मी डोळे जवळजवळ मिटून सिरिंज लावली. मधल्या दिवसांत खाली गेलेच नाही. किल्ली तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवली, म्हणजे मोह झाला तर आधी तांदूळ उपसावे लागतील. एकदा उपसले. मग ते निवडून पुन्हा भरले.

अर्शद मध्ये एकदा विचारायला आला. मी त्याला सगळं सांगितलं, कारण आता प्रस्तावना करायची हौस फिटली होती. तो ओरडेल असं वाटलं. पण तो पायरीवर बसला आणि म्हणाला की तिने किती मेहनतीने केलंय ते त्याला ठाऊक आहे, विकायचं म्हणतो ते तिची पाठ दुखते म्हणून. मग उठून म्हणाला, "पण बाई, तुमच्यामुळं आता माझंच खरं होणार." त्यात आनंद फारसा नव्हता.

अनीसा आली ती संध्याकाळी, आणि बॅग घरात नेण्याआधी दुकानात शिरली. मागे अर्शद आणि त्याच्या मागे मी. तिने प्लास्टिक सोडलं, स्पंज काढला. त्यावर चार डाग होते. गुलाबीही होता, फिका, पण होता. तिने नळ्यांत रंग भरला, मशीन सुरू केलं आणि चाचणीचा कागद काढला. त्यावर प्रत्येक रंगाच्या बारीक रेघा येतात, प्रत्येक भोकाची एक. निळ्याच्या सगळ्या आल्या. काळ्याच्या आल्या. पांढऱ्या कागदावर पिवळ्या रेघा मला दिसत नाहीत, पण ती म्हणाली आल्या. गुलाबीत मात्र माझ्या वर्गाच्या हजेरीसारखं होतं, मध्येमध्ये रिकाम्या जागा.

तिने हेड पुन्हा धुतलं, पुन्हा कागद काढला. काही रेघा परत आल्या. तिसऱ्यांदा धुतलं. आणखी काही आल्या. चौथ्यांदा काही फरक पडला नाही. तिने कागद उजेडात धरून गैरहजर रेघा मोजल्या.

"तेवीस गेल्यात," ती म्हणाली.

अर्शदने तिच्या हातून कागद घेऊन बघितला. बोलायची त्याची पाळी होती, सगळ्यांना ठाऊक होतं. अनीसाने एका क्रिकेट स्पर्धेचा बॅनर लावला, ज्यात गुलाबी रंग भरपूर होता, आणि कॉम्प्युटरवर काहीतरी बदललं. डबा नेहमीपेक्षा हळू धावायला लागला. एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा जात होता. एका फेरीत राहिलेलं दुसऱ्या फेरीत भरत होता. वीतभर बॅनर बाहेर यायला चहा करून पिण्याइतका वेळ लागला. तिघंही वाकून बघत होतो. अध्यक्षांचा गुलाबी फेटा आला, कपाळ आलं, गॉगल आला. फेट्यात एकही रेघ मोकळी नव्हती.

"आपा, हे असं हळू किती दिवस चालवशील?" अर्शदने विचारलं.

"चालतंय तोवर." तिने बॅनरवर तळवा फिरवला. "चालू नाय झालं तर वीक, असं बोलले होते. हळू झालं तर वीक, असं नाय बोलले."

तो हसला. मग त्याने तिची बॅग उचलली आणि घरी नेली.

दुकानात आम्ही दोघीच राहिलो. मला वाटलं, ती आता म्हणेल, जाऊ दे बाई, होतं असं. मीही पुष्कळ मुलांना तसं म्हटलं आहे. तिने तसं काही म्हटलं नाही. "बाई, मी दोनदा सांगितलं होतं, लिहूनपण दिलं होतं," ती म्हणाली. आवाज मऊ होता, पण तिने वाक्य पूर्ण केलं. मी हो म्हटलं. इतकं साधं हो मी बहुधा शाळेत असताना म्हटलं असेल, विद्यार्थिनी म्हणून. त्यानंतर तिने मला नातीचे फोटो दाखवले, एकशे सोळा, आणि मी एकाही फोटोत काही दुरुस्ती सुचवली नाही.

आता गुलाबी काम आलं की गिऱ्हाइकाला अर्धा तास जास्त थांबावं लागतं. लग्नाचे बॅनर तर गुलाबीच असतात. माणूस घाई करायला लागला, इतका वेळ का, समोरच्या गावात तर झटपट देतात, की अनीसा मान वर न करता खुर्चीकडे बोट दाखवते. "ते त्यांना विचारा." खुर्चीवर मी असते. मी सांगते. पेनांपासून सुरुवात करते, पावडर, दोरी, चिमटा, अनिता, सगळं. माणसं हसतात, चहा पितात, आणि तेवढ्यात बॅनर होतो. अनीसाने हे ठरवून केलं आहे की नाही, मला सांगता येणार नाही, पण चहा ती मी बोलायला लागल्यावरच सांगते.

परवा नागोठण्याचा कमळाकर नावाचा एक गृहस्थ होता, भाचीच्या लग्नाचा बॅनर न्यायला आलेला. म्हणाला, बाई, थोडक्यात सांगा, पाचची गाडी आहे. थोडक्यात मला येत नाही. त्याची गाडी चुकली, बॅनर मात्र पावणेपाचलाच झाला होता.